फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतील सायकल पर्यटन : मार्ग, मालकी आणि सहवापर

प्रस्तावना

द्राक्षमळ्यांच्या ग्रामीण प्रदेशातून सायकलने केलेला प्रवास हा फ्रान्समधील पर्यटनाचा एक सुस्थापित प्रकार आहे. त्याचे वर्णन करताना बहुधा निसर्गसौंदर्य आणि वाइन या दोनच गोष्टींवर भर दिला जातो. निसर्गसौंदर्य मात्र अनेक प्रदेशांत असते. सायकलस्वाराला दिवसचे दिवस निर्धास्तपणे हिंडता येईल असे मार्ग सर्वत्र नसतात. हे मार्ग कोठून आले, ते कोणाच्या मालकीचे आहेत आणि त्यांवर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नांचा विचार केल्याशिवाय या पर्यटनाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने बरगंडी प्रदेशाच्या आधारे या प्रश्नांची चर्चा केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रान्समधील सायकल पर्यटनाचे प्रवर्तक म्हणून पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) यांचे नाव घेतले जाते. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते ओळखले जात. सेंट एतिएन या औद्योगिक शहरातून त्यांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि चढावर उपयोगी पडणाऱ्या अनेक गिअरच्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार केला. स्पर्धांचे जग या सुधारणेस दीर्घकाळ प्रतिकूल होते; ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस १९३७ मध्ये परवानगी मिळाली. त्या वर्षीचे विजेते रॉजे लापेबी यांचे नाव पुढे बोर्दोजवळच्या द्राक्षप्रदेशातून जाणाऱ्या एका सायकलमार्गास देण्यात आले. प्रवासात किमान वाटेवर तरी वाइन, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावी, असा व्हेलोसिओ यांचा उपदेश होता. द्राक्षमळ्यांतील आजचे पर्यटन पाहता ही गोष्ट लक्षणीय वाटते.

१९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्यामुळे सायकलवरून गावोगाव हिंडणे ही केवळ सधन वर्गाची हौस राहिली नाही. ग्रामीण भागातील सायकल पर्यटनास व्यापक सामाजिक आधार लाभला, तो या काळात.

भूरचना आणि जमिनीची विभागणी

बरगंडीतील ‘कोत दोर’ हा द्राक्षपट्टा म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर पसरलेला, मुख्यतः पूर्वाभिमुख असा चुनखडीचा उतार होय. त्याच्या एका बाजूस पठार व दुसऱ्या बाजूस सोन नदीचे मैदान आहे. उताराला समांतर जाणाऱ्या सायकलस्वारास चढ सौम्य लागतात. पठाराकडे वळताच ते तीव्र होतात. गावे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असल्याने विसावा, अन्न व पाणी यांची सोय वारंवार होते.

येथील द्राक्षजमीन अत्यंत लहान तुकड्यांत विभागलेली आहे. माती, उतार व सूर्यप्रकाश यांनुसार वेगळी ओळख असलेल्या तुकड्यास तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ तुकड्यांच्या या प्रदेशास २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. १८०४ च्या नेपोलियन संहितेने अपत्यांना समान वारसाहक्क दिल्यामुळे मालकीही विभागत गेली. सिस्टर्शियन साधूंनी मध्ययुगात उभारलेल्या क्लो द व्हूजो या सुमारे ५० हेक्टरच्या कुंपणबंद मळ्याचे आज सुमारे ८० मालक आहेत. प्रत्येक तुकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाट लागतेच. परिणामी या उतारावर शेतवाटांचे दाट जाळे आहे आणि सायकल पर्यटनाचा पाया तेच आहे.

मार्गांचे तीन वारसे

द्राक्षप्रदेशातील सायकलमार्ग बहुतांशी नव्याने बांधलेले नाहीत. ते तीन जुन्या वारशांतून जोडून घेतलेले आहेत.

पहिला वारसा म्हणजे शेतवाटा. महाराष्ट्रातील पाणंदीशी त्यांचे साम्य आहे. फ्रेंच कायद्यानुसार ‘ग्रामीण वाट’ ही गावाच्या, म्हणजे ‘कम्यून’च्या मालकीची व सार्वजनिक वापरासाठी खुली असते. दोन्ही बाजूंची शेते खासगी असली तरी अशी वाट खासगी नसते. बोन ते साँतने हा सुमारे २० किलोमीटरचा ‘द्राक्षवेलींचा मार्ग’ अशाच वाटा सुधारून तयार झाला आहे. पोमार, व्हॉलने, मर्सो, प्युलिनी-माँराशे ही वाइनच्या बाटल्यांवरून जगभर पोहोचलेली नावे या मार्गावर प्रत्यक्ष गावांच्या रूपाने भेटतात.

दुसरा वारसा बंद पडलेल्या लोहमार्गांचा. मोटारवाहतुकीच्या स्पर्धेत अनेक लहान लोहमार्ग बंद झाले. रूळ काढून नेल्यावर सलग व सौम्य चढाची पट्टी उरली. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ मध्ये फ्रान्समधील पहिला ‘हरितमार्ग’ म्हणून खुला झाला. पुढे तो माकाँच्या दिशेने वाढविण्यात आला. त्यावरील सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा ब्वा क्लेर बोगदा वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी हिवाळ्यात बंद ठेवला जातो. मोटारवाहने वगळून केवळ पादचारी, सायकलस्वार व घोडेस्वार यांच्यासाठी असलेला मार्ग या अर्थाने हरितमार्गाचा समावेश २००४ मध्ये फ्रेंच वाहतूक संहितेत झाला.

तिसरा वारसा कालव्यांचा. नावा ओढणारी जनावरे ज्या काठच्या वाटेने चालत, तीच वाट आता सायकलींना उपयोगी पडते. साँतनेजवळ द्राक्षवेलींचा मार्ग मध्य कालव्याच्या काठास मिळतो आणि तेथून शालोंपर्यंत जाता येते. दिजाँ, बोन व शालों यांना जोडणाऱ्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांत सायकल नेता येत असल्याने सायकलस्वारास आल्या वाटेने परतावे लागत नाही.

सहवापरातील प्रश्न

हरितमार्ग मोटारवाहनांपासून मुक्त असतो. शेतवाट तशी नसते. ती आजही शेतकऱ्याची कामाची वाट आहे. बरगंडीत हेक्टरी सुमारे १०,००० वेली असून दोन ओळींमधील अंतर जेमतेम एक मीटर असते. त्यामुळे वेलींच्या ओळीवरून जाणारे उंच पायांचे ट्रॅक्टर वापरतात. अरुंद वाटेवर असा ट्रॅक्टर समोरून आल्यास सायकलस्वाराने थांबून वाट देणे हेच योग्य ठरते. ट्रॅक्टरच्या खोळंब्यात शेतकऱ्याचा कामाचा दिवस खर्ची पडतो, सायकलस्वाराची मात्र काही मिनिटेच जातात.

वाटसरू आणि द्राक्षबागायतदार यांच्यातील तणाव जुना आहे. बोर्दोजवळच्या मेदोक भागातील शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे मिश्रण टाकत. अशा वेली केवडा रोगापासून बचावल्याचे १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आले. त्यांच्या अभ्यासातून १८८५ मध्ये ‘बोर्दो मिश्रण’ प्रसिद्धीस आले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना परिचित असलेल्या या औषधाचा उगम अशा रीतीने वाटेवरच्या चोरीशी निगडित आहे. फवारणीचा प्रश्न आज वेगळ्या स्वरूपात उभा आहे. फवारणीनंतर ठरावीक काळ बागेत प्रवेश करण्यास फ्रान्समध्ये मनाई आहे; उघड्या शेतात हा काळ किमान ६ तासांचा आहे. वाट सार्वजनिक असली तरी वेलींच्या ओळींत शिरणे केवळ मालकीहक्काच्याच नव्हे, तर आरोग्याच्या दृष्टीनेही अयोग्य ठरते.

हंगामाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध असून तिचा सविस्तर अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९८७ पर्यंत तोडणीची सरासरी तारीख २८ सप्टेंबर होती. १९८८ नंतर ती सुमारे १३ दिवस अलीकडे आली. उष्णतेच्या लाटेच्या २००३ या वर्षी तर तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. तोडणी अशी अलीकडे येत गेल्यास ती उन्हाळी सुट्ट्यांच्या पर्यटन हंगामास भिडते. वाटांवर मजूर, ट्रॅक्टर आणि सायकली यांची गर्दी एकाच वेळी होऊ लागते.

मद्यपानाविषयीचा कायदाही दुर्लक्षिता येत नाही. रक्तातील मद्यार्काची लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा फ्रान्समध्ये सायकलस्वारासही लागू आहे. वाइन चाखून ती पात्रात थुंकण्याची तेथील रीत परक्यास विचित्र वाटली तरी सायकलस्वारासाठी ती सोयीची आहे.

ग्रामीण अर्थकारण

सायकलीवर फार बाटल्या नेता येत नाहीत. त्यामुळे सायकलस्वार हा वाइनचा मोठा ग्राहक नव्हे. मात्र तो दर काही किलोमीटरवर थांबतो, गावातच मुक्काम करतो आणि बेकरी, खानावळ, दुरुस्तीचे दुकान यांना थोडे थोडे उत्पन्न देतो. ‘अॅक्केय व्हेलो’ या राष्ट्रीय स्वागतचिन्हासाठी निवासस्थान मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असणे, तेथे सायकलीसाठी सुरक्षित जागा व दुरुस्तीची साधने असणे अपेक्षित असते. प्रख्यात द्राक्षगावांना या उत्पन्नाची निकड कमी भासते. स्थानक बंद पडल्याने ज्या लहान गावांची वर्दळ थांबली होती, तेथे हे उत्पन्न अधिक मोलाचे ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशातील सायकल पर्यटन मोठ्या नव्या बांधकामांवर नव्हे, तर शेतवाट, लोहमार्ग व कालवाकाठ यांच्या सार्वजनिक मालकीवर उभे आहे. लोहमार्ग बंद पडल्यावर त्याची पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर हरितमार्ग होऊ शकला नसता. शेतवाटा शेजारच्या बांधांत विलीन झाल्या असत्या, तर द्राक्षवेलींचा मार्गही उरला नसता. त्याचबरोबर ज्या द्राक्षभूमीच्या ओढीने पर्यटक येतो, ती शेतकऱ्याच्या नित्य श्रमातून टिकून आहे. सार्वजनिक वाटेवर सर्वांचा हक्क असला तरी कामाच्या वेळी शेतकऱ्यास अग्रक्रम देणे, हीच या सहवापराची अट होय. ती पाळली जाईल तोपर्यंतच हे पर्यटन ग्रामीण जीवनास पूरक ठरेल.