दहा स्क्रूंचं झाकण

होंडाची सीबी ७५० फोर १९६८च्या टोकियो मोटर शोमध्ये लोकांपुढे आली. चार सिलिंडरचं ७३६ सीसी इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. वर्षाला पंधराशे गाड्या खपतील, असा कंपनीचा अंदाज होता. मागणी अशी उसळली की तेवढ्या गाड्या महिन्याला काढाव्या लागल्या, आणि पुढे त्याही दुप्पट. आज पहिल्या गाड्यांचे अस्सल भाग ओळखताना जाणकार ज्या खुणा शोधतात, त्यांतल्या कितीतरी या चुकलेल्या अंदाजातून आणि त्यानंतरच्या धावपळीतून आलेल्या आहेत.

सर्वांत मोठी खूण क्रँककेसची. खपाची खात्री नव्हती, म्हणून प्रेशर डाय-कास्टिंगच्या महागड्या साच्यांवर सुरुवातीला पैसा घातला गेला नाही. पहिल्या ७,४१४ इंजिनांच्या केस साध्या धातूच्या साच्यांत ओतल्या गेल्या. त्यांचा पृष्ठभाग खरखरीत, वाळूच्या साच्यात ओतल्यासारखा. म्हणून या गाड्यांना सगळीकडे ‘सँडकास्ट’ म्हणतात. बाकीचे बदल गाड्या विकल्या जात असतानाच होत गेले. क्लचच्या झाकणाला आधी दहा स्क्रू होते, नंतर अकरावा आला. अ‍ॅक्सिलरेटरची एक केबल पुढे चार होऊन चारही कार्ब्युरेटरना जायची. त्यांचा मेळ बसवताना मेकॅनिक मेटाकुटीला यायचे. पुढे त्या जागी लिंकेज आलं. सुरुवातीच्या सायलेन्सरवर नंबरच नव्हता, एचएम ३०० हा ठसा नंतरचा. यातला ३०० हा या मॉडेलचा संकेतांक, आणि तो होंडाच्या सुट्या भागांच्या क्रमांकातही मधल्या तीन आकड्यांत सापडतो.

सत्तरच्या दशकात या खुणांची कुणाला पर्वा नव्हती, आणि त्यात नवल नाही, कारण तेव्हा ती रोज पळवायची गाडी होती. सायलेन्सर आतून गंजले की चारही काढून चार-इन-वन एक्झॉस्ट बसवायचा. काहींनी फ्रेम कापून चॉपर केले. सुरुवातीच्या गाड्यांची चेन तुटायची आणि क्रँककेस फोडायची. मग केस बदलली जायची, आणि तिच्याबरोबर इंजिन नंबरही. अस्सल माल भंगारात गेला तो असा, रोजच्या वापरातून.

पुढे जुन्या गाड्यांना भाव आला आणि उलटं नुकसान सुरू झालं. खरखरीत केस आरशासारख्या घासून चकचकीत केल्या गेल्या. माझ्या मते चॉपरवाल्यांपेक्षा या पॉलिशने जास्त घात केला, कारण घासलेला पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही. २०१८ मध्ये उत्पादनापूर्वीची एक नमुना गाडी इंग्लंडमध्ये सुमारे १ लाख ६१ हजार पौंडांना गेली. आता खरखरीतपणा जपतात, आणि सँडकास्टचे हुबेहूब नवे भागही बनतात. म्हणूनच ओळखण्याचं काम अवघड झालं आहे.

अशा वेळी मी आधी स्क्रू बघतो. जपानी मानकाचा चौफुलीचा स्क्रू दिसायला फिलिप्ससारखाच, पण खाचेचा आकार जरा वेगळा; बऱ्याच स्क्रूंच्या माथ्यावर एक बारीक ठिपकाही असतो. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की सटकतो आणि खाच खाऊन टाकतो. खाचा खराब झाल्या म्हणून असंख्य इंजिनांना अ‍ॅलन स्क्रू लागले. झाकणावर ठिपक्याचे, झिंकचा मुलामा उडालेले, पण खाचा शाबूत असलेले जुने स्क्रू दिसले, तर ते इंजिन फारसं उघडलेलं नाही असं धरायला जागा असते. ते स्क्रू बदलू नयेत, मुलामा गेलेला असला तरी.

नंबर शेवटी बघावेत. फ्रेम नंबर सीबी७५०-१०००००१ पासून आणि इंजिन नंबर सीबी७५०ई-१०००००१ पासून सुरू झाले, पण फ्रेम आणि इंजिन कारखान्यात नंबर जुळवून बसवलेले नव्हते. त्यामुळे अस्सल गाडीतही दोन्ही आकड्यांत फरक असतो. विकणारा ‘मॅचिंग नंबर’ म्हणून जादा पैसे मागत असेल आणि सातही आकडे तंतोतंत सारखे असतील, तर पैसे देण्याआधी दोन्ही ठशांची खोली, अंकांची वळणं आणि भोवतीचा धातू घासला गेला आहे का, हे भिंगाखाली तपासावं.