पोरगं लोखंड घासतंय, घासू द्या!



ऊसविकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांविषयी लिहावे, लोखंडकामाविषयी कशाला, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. म्हणोत. विषय आमच्याकडे बांधावर चालत आला. बेणेमळा पाहावयास गेलो असता एका सभासदांनी आम्हांस आंब्याखाली बसविले, चहा पाजला आणि गाऱ्हाणे मांडले. "सायेब, पोराला आय.टी.आय.ला टर्नरला घातला. दीड महिना झाला. लेथला हात लावू देईनात. दिसभर नुसतं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासायला लावत्यात. हाताला फोड आल्यात. पोरगं म्हणतंय, येतो परत. ह्यापरीस दारं धरलेली काय वाईट?"

आम्ही त्यांस लगेच उत्तर दिले नाही. सिरोंचा आठवले.

आमच्या नोकरीची सुरुवातीची काही वर्षे सिरोंचा तालुक्यात गेली. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरचे हे गाव. बोली निम्मी तेलुगू, पिके भाताची आणि मिरचीची. इंग्रजी अमलात काही वर्षे ते अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. गोदावरीतून बोटी वर आणण्याचा घाटही त्या काळी सरकारने घातला होता. कामे निघाली, पैसा ओतला गेला आणि १८७१ साली सारे सोडून दिले. आम्ही होतो तेव्हा जिल्ह्याचे गाव गडचिरोली सुमारे २०० किलोमीटरवर आणि प्राणहितेवर पूल नाही, अशी स्थिती होती.

तेथे एका भातगिरणीच्या हलरचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला. ऐन सुगीत गिरणी बंद, ओसरीवर भाताची पोती. गावच्या कारागिराने त्यावर वेल्डिंग चढविले आणि हाताने घासून गोल केले. डोळ्याला गोलच दिसत होते. आठ दिवसांत बुश जळला. पुन्हा केले, पुन्हा जळला. शेवटी शाफ्ट नावेत घालून पलीकडे, तेव्हाच्या आंध्रातील मंचेरियालला न्यावा लागला. त्या दिवशी आम्हीही सोबत होतो.

तेथील टर्नरने आधी मायक्रोमीटर लावला. एका बाजूने माप ५० मिलिमीटर, काटकोनात फिरवून घेतले तर ४९.६. गोल वस्तू गोल नव्हतीच! मग त्याने शाफ्ट लेथवर धरला, काटा लावून हाताने फिरवला, थोडा ठोकला, परत फिरवला. तास गेला तरी यंत्र सुरू नाही. गिरणीवाल्याचा पुतण्या, दहावी झालेला, कंटाळून म्हणाला, "हा काम कधी करणार?" टर्नर म्हणाला, "हेच काम. कापायला काय, दहा मिनिटे." आणि खरोखर कापणे लवकरच उरकले.

तो पुतण्या पुढे चंद्रपूरला जाऊन टर्नरचा अभ्यासक्रम शिकला. आता सिरोंच्यालाही शासकीय आय.टी.आय. आहे. तो सुट्टीत भेटे तेव्हा आम्ही विचारीत असू, काय शिकलास? पहिल्या सुट्टीत म्हणाला, घासायला. पुढच्या सुट्टीत म्हणाला, मोजायला.

आता हे घासणे कशासाठी? सभासदहो, कानस पुढे ढकलताना हात थोडा जरी झुलला तरी तुकड्याच्या कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो. आपण सारे नवीन असताना नांगराचा तास कसा वाकडा काढतो, तसेच ते. तुकड्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरला की फटीतून उजेड दिसतो. जेथे पट्टी टेकते तेथे घासायचे, फट आहे तेथे नाही. पुन्हा धरायचे, पुन्हा घासायचे. यातून लोखंड किती निघते, किती घासल्यावर थांबावे, हे हाताला कळते. लेथचे चाक फिरवताना नंतर हाच हात उपयोगी पडतो. ज्याच्या हाताला हे कळले नाही तो लेथवर जादा कापतो, आणि कापलेले लोखंड परत चिकटत नाही.

आपण सुताने मोजतो. इंचाचे आठ सूत. शिकाऊ मुलाच्या हातातील साधा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर दाखवितो, म्हणजे एका सुताचे दीडशेहून अधिक भाग! मायक्रोमीटर त्याच्याही निम्मे, ०.०१. एवढे बारीक कशाला लागते, तर शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहावा म्हणून. जागा कमी ठेवली तर तेल शिरत नाही, जास्त ठेवली तर शाफ्ट आदळतो.

हेच आपल्या कारखान्यात पाहा. मिलचा एकेक रोलर कित्येक टनांचा. त्याचे जर्नल बेअरिंगमध्ये फिरते आणि वरून प्रचंड दाब. बंद हंगामात रोलर उतरवून लेथवर चढवितात, झिजलेल्या खाचा पुन्हा काढतात, जर्नल तपासतात. हे काम बिघडले तर पिळणे नीट होत नाही आणि साखर भुश्श्यात राहते. आम्ही साधा हिशेब मांडतो. १,००० टन उसाचा भुस्सा धरा ३०० टन. त्यातील साखर अर्धा टक्का वाढली तर १५ क्विंटल साखर बॉयलरमध्ये जळाली. उतारा घसरला म्हणजे आपला दर घसरला, कारण एफ.आर.पी. उताऱ्यावर ठरतो. आणि मिल मध्येच थांबली तर गव्हाणीबाहेर तोडलेला ऊस वाळतो. तेव्हा आम्ही शेतात को-८६०३२ चे कितीही गोडवे गायले तरी त्याचा उपयोग नाही.

जाता जाता एक धोक्याची गोष्ट. चकची चावी चकमध्येच विसरून यंत्र सुरू केले की ती गोळीसारखी सुटते. लेथवर सैल बाही, गळ्यात मफलर, बोटात अंगठी चालत नाही. लोखंडाचे किस हाताने ओढायचे नाहीत, आकडा वापरायचा. मुलाला शिकावयास पाठविताना पालकांनी हे बजावावे. फोड बरे होतात, बोट परत येत नाही.

टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे तिन्ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत; त्यानंतर १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यांतून शिकाऊ उमेदवारी करता येते. हे सारे आम्ही त्या सभासदांस आंब्याखाली सांगितले. त्यांना पटले असे वाटले नाही. चहाचा कप खाली ठेवीत "बघू दिवाळीपत्तुर" एवढेच म्हणाले.

दिवाळीत पोरगे घरी आले ते पिशवीत तो तुकडा घेऊन. आम्ही लागणीच्या नोंदी घ्यावयास गेलो होतो. वडिलांनी सुतारकामाचा जुना गुण्या काढला, तुकड्यावर धरला, दिव्याकडे पाहिले आणि म्हणाले, "झालं की. कुटं फट नाही."

पोराने तुकडा हातात घेतला, फिरवला, परत दिव्याकडे धरला. "हितनं येतोय, आबा. ह्या कोपऱ्यात. आनी गुण्या बी तुमचा काटकोनात न्हाई."

आबा गुण्याकडे बघत राहिले. आम्ही नोंदवही उघडली आणि लागणीची तारीख विचारली.