सान आंद्रेस : दुचाकीवरून बेटाची प्रदक्षिणा

कोलंबियाचे असूनही त्या देशाच्या मुख्य भूमीपासून सुमारे ७०० किलोमीटर दूर आणि निकाराग्वाला कितीतरी जवळ असलेले सान आंद्रेस हे कॅरिबियन बेट जेमतेम २७ चौरस किलोमीटरचे आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा त्याचा साधारण ३० किलोमीटरचा रस्ता भाड्याच्या स्कूटरवरून एका दिवसात सहज पालथा घालता येतो. वाहतूक उजव्या बाजूने चालत असल्याने उत्तरेकडील शहरातून निघून आधी पश्चिम किनारा धरावा, म्हणजे समुद्र सतत उजव्या हाताला राहतो आणि थांबण्यासाठी समोरची वाहने ओलांडावी लागत नाहीत. डावीकडून चालवण्याची सवय असलेल्या भारतीयांची गफलत होते ती बहुधा थांबून पुन्हा निघताना.

दक्षिण टोकाला ‘ओयो सोप्लादोर’ हे फुंकर घालणारे विवर आहे. प्रवाळापासून बनलेल्या चुनखडकातील भुयारांत लाटा शिरल्या, की कोंडलेली हवा आणि पाणी खडकातल्या छिद्रातून जोराने उसळते. समुद्र शांत असेल, तर मात्र तेथे पाहण्याजोगे फारसे काही नसते. पुढे पूर्व किनाऱ्यावरील सान लुईसमध्ये रायझाल, म्हणजे इंग्रजीवर आधारलेली क्रिओल भाषा बोलणाऱ्या स्थानिक समाजाची वस्ती लागते.

कोलंबियात वाहनांना सक्तीचा असलेला ‘सोआत’ हा विमा अपघातात माणसांना होणाऱ्या शारीरिक हानीपुरताच असतो, गाडीच्या मोडतोडीसाठी नव्हे. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच तिच्यावरील जुन्या ओरखड्यांची छायाचित्रे मालकासमक्ष काढून ठेवावीत.