गाव उभं करणारा माणूसच आधी का थकतो? डॉ. अभय बंग यांचा अनुभव आणि आपल्याकडचे गटप्रमुख

भोर : गावात नवीन काही सुरू झालं की पहिली दोन वर्षं त्याचं कौतुक होतं. दूध संकलन केंद्र असो, इंद्रायणी तांदळाचा शेतकरी गट असो, महिलांचा बचत गट असो, नाहीतर राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय असो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कानावर येतं, "त्याने आता लक्ष काढून घेतलं." मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं पैसे खाल्ले असतील, कोणी म्हणतं डोक्यात हवा गेली. पुष्कळदा कारण तिसरंच असतं. तो माणूस आतून थकलेला असतो.

शहरात याला 'बर्नआऊट' म्हणतात. चिखलणीत बैल बसला की चाबूक मारून उठत नाही, तसंच हे. एक दिवसाची दमणूक झोपेने जाते. ही जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याची नोंद आपल्या रोगांच्या यादीत केली. मात्र हा आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ओळखायच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगात त्राण न राहणे ही पहिली. ज्या कामासाठी जीव टाकला त्याचाच तिटकारा येणे, माणसांवर विश्वास न उरणे, ही दुसरी. आणि आपल्याच्याने आता काही होत नाही असं वाटणे, ही तिसरी.

हा शब्द कंपन्यांमधून आला असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये व्यसनी आणि गरीब लोकांसाठी मोफत दवाखाना चालायचा. तिथे मनाने काम करणारे कार्यकर्ते काही काळाने चिडचिडे आणि कोरडे होतात, हे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं. तो स्वतःही दिवसा आपला व्यवसाय करून रात्री तिथे राबायचा आणि त्याचीही तीच गत झाली होती. 1974 मध्ये त्याने यावर लिहिलं. म्हणजे पगारासाठी काम करणाऱ्यांच्या आधी ही थकवण सेवा म्हणून काम करणाऱ्यांत दिसली. आपल्या गटप्रमुखांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उभं करणाऱ्यालाच जास्त का?

नोकरीवाल्याची ड्युटी संपते. ज्याने स्वतःच्या डोक्याने काही उभं केलं, त्याची संपत नाही. पैसा भावकीचा आणि बँकेचा, नाव गावात त्याचं. फॅट कमी लागली की फोन त्यालाच, गटाचा हप्ता थकला की साहेब त्याच्याच दारात. बचत गटाच्या अध्यक्षीण ताईंचं तर आणखी अवघड. बैठकीची वही, बँकेची फाईल, वसुली, आणि घरी आल्यावर चूल आहेच. शिवाय आपण थकलोय हे सांगायचं कोणाला? सभासदांना सांगितलं तर गट मोडेल, घरी सांगितलं तर "कोणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला" हे ऐकावं लागेल.

जगात याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरियाना हफिंग्टन यांचं. त्यांनी 2005 मध्ये इंटरनेटवर बातम्यांची कंपनी सुरू केली. 2007 मध्ये झोप आणि विश्रांती नसल्याने त्या घरीच कोसळल्या, गालाचं हाड मोडलं. पुढे 2016 मध्ये त्यांनी दुसरी कंपनी काढली. कंपन्यांच्या प्रमुखांना आणि कामगारांना थकव्यातून कसं वाचायचं हे शिकवणारी.

पण अमेरिकेचं उदाहरण आपल्याला लांबचं. जवळचं आहे गडचिरोलीत.

गडचिरोलीचा डॉक्टर

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आले आणि 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी भाग, दवाखान्याची वानवा, जन्मल्यावर काही दिवसांत दगावणारी बाळं. याला कोणी स्टार्टअप म्हणणार नाही, पण काम तेच. काहीच नव्हतं तिथे दोघांनी उभं केलं.

या धावपळीत चाळिशीच्या मध्यावर अभय बंग यांना हृदयविकाराने गाठलं. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर, आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय ते वेळेवर कळलं नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःलाच तपासलं. खाणं बदललं, व्यायाम धरला, ध्यान सुरू केलं, आणि आपला ताण नेमका कुठून येतो याचा शोध घेतला. आहार, व्यायाम आणि ताण यांवर काम करून हृदयरोगात सुधारणा होते, हे अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांचं संशोधन 1990 मध्येच छापून आलं होतं. त्याचाही त्यांनी आधार घेतला. हा सगळा अनुभव त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिला. ते महाराष्ट्रात घरोघर वाचलं गेलं.

त्यांचा आजार हृदयाचा, त्याला बर्नआऊट म्हणणं बरोबर होणार नाही. पण कामात स्वतःला विसरलेल्या माणसाची वाट तीच आहे. आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 2006 मध्ये 'सर्च'ने 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. समाजासाठी काही करू पाहणाऱ्या तरुण मुला-मुलींची शिबिरं तिथे होतात. तिथे भाषणं ठोकून पाठवत नाहीत. मी कोण, मला कशाची ओढ आहे, मी कुठे उपयोगी पडेन, हे प्रश्न त्या मुलांपुढे ठेवतात आणि सोबत राहतात. तिथून गेलेले कितीतरी तरुण डॉक्टर पुढे ग्रामीण भागात कामाला गेले.

'सर्च'च्या कामात आणखी एक गोष्ट आहे जी थेट आपल्या वाडीपर्यंत पोचली आहे. नवजात बाळाला वाचवायचं काम डॉक्टरांनी स्वतःकडे ठेवलं नाही. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्या हाती दिलं. 39 गावांत हा प्रयोग झाला आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. 2011 पासून सरकारने ही पद्धत देशभर आशाताईंमार्फत नेली. आज भोर-वेल्ह्यात दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येते, ती याच वाटेने आली आहे. डॉक्टरच सगळ्या घरी जायचं म्हणाले असते तर ते किती घरं पुरले असते?

मार्गदर्शक करतो काय?

शहरात याला 'कोच' म्हणतात. क्रिकेटचा कोच बॅट कशी धरायची ते दाखवतो. हा तसा नाही. धंदा कसा करायचा हे तो फारसं सांगत नाही, तो विचारतो. झोप किती होते? नाही म्हणायला कुठे जमत नाही? कोणतं काम दुसऱ्याला देता येईल आणि तरी का देत नाहीस? स्वतः पडून उठलेल्या माणसाने विचारलं की उत्तर खरं येतं. तिथे फुशारकी मारायची गरज राहत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही, फक्त नाव नवीन आहे. 'उमेद' अभियानात जुन्या गटातली अनुभवी ताईच सीआरपी म्हणून नवीन गटांना हात देते. वेल्हे परिसरात ज्ञान प्रबोधिनीनेही बचत गटांतून महिलांना पुढे आणायचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. अडचण एवढीच की या बैठकांत हिशोब विचारला जातो, हिशोब लिहिणारीची तब्येत कोणी विचारत नाही.

एक सावधगिरी. मोबाईलवर हल्ली 'लाइफ कोच', 'बिझनेस कोच' यांच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. आधी फुकट सेमिनार, मग हजारो रुपयांचा कोर्स. स्वतःला कोच म्हणवून घ्यायला आपल्या देशात कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे कर्ज काढून असला कोर्स करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पाच-दहा वर्षं गट किंवा धंदा टिकवलेला, तोटा पाहिलेला शेजारच्या गावचा माणूस गाठावा. चहापलीकडे खर्च नाही.

गटातही थोडं बदलता येतं. पदाधिकारी बदलायची पद्धत कागदावर असतेच, ती खरंच पाळावी. सह्या आणि बँकेची कामं दोघांना यायला हवीत. भातलावणीच्या दिवसांत बैठक पुढे ढकलली तर कोणाचं काही बिघडत नाही. आणि रात्री नऊनंतर गटाच्या कामाचा फोन करायचा नाही, एवढा ठराव जरी वहीत लिहिला तरी अध्यक्षांच्या घरातले दुवा देतील.

थकवा आणि आजार यांत मात्र गल्लत करू नये. छातीत दुखणं, डाव्या हाताला कळ, दम लागून घाम फुटणं असं झालं तर मार्गदर्शक शोधत बसायचं नाही, 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिशीनंतर बीपी आणि शुगर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे. नंबर 14416. रात्री-अपरात्रीही चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.