सेवा करणारी लिलियन, संप करणारी क्लारा

२२ नोव्हेंबर १९०९ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या कूपर युनियनचं तळघरातलं मोठं सभागृह शिलाई कामगार मुलींनी गच्च भरलं होतं. बसायला जागा न मिळालेल्या भिंतींना टेकून उभ्या होत्या. व्यासपीठावर वक्त्यांची रांग होती आणि त्यांत अमेरिकेच्या कामगार महासंघाचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्सही होते. दोन तास भाषणं झाली. तुमच्यावर अन्याय होतोय, आमचा पाठिंबा आहे, पण घाई करू नका, असाच एकूण सूर. मग गर्दीतून एका बुटक्या, किडकिडीत मुलीने बोलायची परवानगी मागितली आणि ती यिद्दिशमध्ये बोलली. तिचं बोलणं मोजून चार वाक्यांचं: या हालांतून मी स्वतः गेलेय, नुसती भाषणं ऐकून माझा जीव विटलाय, आपण इथे ठरवायला जमलोय, तर सार्वत्रिक संपाचा ठराव मी मांडते. सभागृह उठून उभं राहिलं.

मुलीचं नाव क्लारा लेमलिक. वय २३.

त्यानंतर सभाध्यक्षांनी सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ दिली. बाबिलोनच्या बंदिवासात ज्यूंनी जेरुसलेमला न विसरण्याची जी शपथ घेतली होती, विसरलो तर उजवा हात गळून जावो अशी, तिच्याच वळणावर ही नवी शपथ बेतली होती. फक्त जेरुसलेमच्या जागी संप आला होता. यातल्या बहुतेक मुलींनी ती जुनी शपथ लहानपणापासून प्रार्थनेत ऐकलेली होती. दुसऱ्या दिवशी हजारो मुली शिलाईयंत्रं बंद करून रस्त्यावर आल्या. संपकऱ्यांचा आकडा बघता बघता २० हजारांच्या पुढे गेला.

तरुण ज्यू माणसं समाजकार्यात आणि न्यायाच्या लढ्यांत इतक्या संख्येने का दिसतात, असं कुणी विचारलं की उत्तर म्हणून हल्ली एक हिब्रू शब्दप्रयोग पुढे केला जातो: तिक्कुन ओलाम, म्हणजे जगाची डागडुजी. ज्यू संस्थांच्या प्रत्येक माहितीपत्रकात तो सापडेल. शब्द जुना आहे, पण समाजसेवेचं ब्रीद म्हणून तो गेल्या काही दशकांतच चलनात आला. मला त्याहून जास्त उपयोगाचा वाटतो तो दुसरा, रोजच्या वापरातला शब्द: त्सदाका. भाषांतर करताना आपण त्याला ‘दान’ म्हणून मोकळे होतो. पण त्याचं मूळ ‘त्सेदेक’मध्ये आहे आणि त्सेदेक म्हणजे न्याय. गरिबाला दिलेले पैसे या भाषेत पुण्याच्या खात्यात जमा होत नाहीत, ते देणं असतं. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाने या देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत खालची पायरी कुरकुरत देणाऱ्याची. सगळ्यांत वरची, समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर पुन्हा हात पसरायची वेळच येऊ न देणाऱ्याची.

आता यातून एक पंचाईत उभी राहते. देणं हा न्याय असेल, तर तो द्यायचा कुणी आणि मागायचा कुणी? न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या एकाच वस्तीत, साधारण एकाच काळात, दोन तरुण ज्यू बायकांनी याची दोन उत्तरं दिली.

पहिली लिलियन वॉल्ड. रॉचेस्टरच्या खात्यापित्या जर्मन-ज्यू घरातली, नर्सिंग शिकलेली. १८९३ साली, सव्विशीत असताना, ती या वस्तीतल्या स्थलांतरित बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे द्यायला येत असे. एका पावसाळी सकाळी वर्ग चालू असताना एक लहान मुलगी तिला बोलवायला आली. तिच्या मागून चिखलातून, कचऱ्याच्या ढिगांमधून वाट काढत लिलियन एका चाळीच्या मागच्या अंगाला पोचली. दोन खोल्यांत सात माणसांचं कुटुंब, वर पोटभाडेकरू. बाळंतीण रक्तस्रावाने पलंगावर पडलेली. लिलियनने तिला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं, खोली धुतली. निघताना त्या घरातल्या माणसांनी तिचे हात चुंबले, आणि त्याची तिला शरम वाटली. काही महिन्यांतच मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीला घेऊन ती वस्तीत राहायलाच आली.

जेकब शिफ या बँकरने पुढे हेन्री स्ट्रीटवरचं २६५ क्रमांकाचं घर घेऊन दिलं आणि तिथे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभं राहिलं. सेटलमेंट म्हणजे शिकल्या-सवरलेल्यांनी गरीब वस्तीत कायमचं बिऱ्हाड करणं. तिथल्या नर्सेस घरोघर जात, जिने चढत, वेळ वाचवायला गच्चीवरून गच्चीवर उतरत. ज्याला झेपेल त्याच्याकडून चार-दोन पैसे फी घेत, कारण फुकट उपचाराने माणूस मिंधा होतो. पैसे नसतील त्याची अडवणूक नव्हती. फीचा हा नियम मला त्या मायमोनिडीसच्या जिन्यावरचाच वाटतो.

दुसरी अर्थात क्लारा. युक्रेनमधल्या होरोडोक गावची, धर्मनिष्ठ बापाची मुलगी. घरात रशियन पुस्तकांना बंदी, म्हणून ही शेजाऱ्यांच्या कपड्यांची काजं करायची, मुलं अमेरिकेला गेलेल्या निरक्षर आयांची पत्रं लिहून द्यायची आणि त्या पैशांतून चोरून पुस्तकं घ्यायची. बापाला ती सापडली तेव्हा त्याने जाळली. हिने पुन्हा पैसे जमवायला घेतले. १९०३मध्ये किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली आणि कुटुंबाने देश सोडला. न्यूयॉर्कला उतरल्यावर थोड्याच दिवसांत ती शिलाईच्या कारखान्यात लागली.

हे कारखाने ‘शर्टवेस्ट’ शिवायचे. पुरुषी शर्टासारखा, पुढे बटणांचा बायकांचा ब्लाउज. नोकरी करणाऱ्या नव्या बाईचा जणू गणवेशच. तो शिवणाऱ्या मुलींना मात्र हंगामात आठवड्याला ६५-७० तास काम. सुई, दोरा, विजेचा खर्च पगारातून कापायचे. उशीर झाला की दंड. यांतलीच एक, पॉलिन न्यूमन, लहान वयातच ट्रँगल या शर्टवेस्ट कंपनीत कामाला लागली होती. सरकारी तपासनीस आला की लहान मुलांना खोक्यांत बसवून वर ब्लाउज पसरायचे, हे तिने नंतर सांगून ठेवलंय. हीच पॉलिन विशीही न गाठता १९०७च्या हिवाळ्यात घरभाडं न देण्याच्या आंदोलनाची पुढारी झाली. हजारो कुटुंबं तिच्या मागे होती. अशा मुलींना यिद्दिशमध्ये ‘फार्ब्रेन्टे मेडलेख’ म्हणत, म्हणजे पेटलेल्या पोरी.

या गोष्टीतला सोयीस्करपणे झाकला जाणारा भाग असा की मुली ज्यू होत्या तसे बरेचसे मालकही ज्यूच होते. ट्रँगलचे मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे रशियातून आलेले, याच वस्तीतून वर चढलेले. त्यांनी संपकरी मुलींना मारायला भाडोत्री गुंड आणले. आत राहिलेल्यांना खूश ठेवण्यासाठी जेवणाच्या सुट्टीत ग्रामोफोन लावून नाचाची सोय केली. क्लाराला तर कूपर युनियनच्या सभेआधीच, सप्टेंबरमध्ये, गुंडांनी इतकं बडवलं होतं की तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ‘आपल्या माणसांची अब्रू चारचौघांत कशाला काढायची’ हा सल्ला कुठल्याही अल्पसंख्य समाजात हमखास ऐकू येतो. या मुलींनी तो जुमानला नाही, आणि धाडस म्हणून मला तेच सगळ्यांत मोठं वाटतं. परक्याशी भांडणं त्यामानाने सोपं असतं.

संपात सातशेहून अधिक अटका झाल्या. एका दंडाधिकाऱ्याने तर संपकरी मुलीला सुनावलं की तुझा संप देवाच्या विरोधात आहे. ही बातमी लंडनला नाटककार बर्नार्ड शॉच्या कानावर गेली, तेव्हा त्याने तार करून, देवाशी अमेरिकेची जी ही खासगी ओळख आहे तिची यथेच्छ टिंगल केली. बँकर जे. पी. मॉर्गनची मुलगी ॲन आणि श्रीमंत विधवा अल्वा बेलमाँट मुलींचे जामीन भरायला धावल्या. फेब्रुवारी १९१०मध्ये संप मिटला. तीनशेहून जास्त कारखान्यांनी करार केले. ट्रँगलने संघटनेला मान्यता दिली नाही ती नाहीच.

२५ मार्च १९११, शनिवार. ज्यूंचा शब्बाथ, पण ट्रँगल चालू होतं. सुटायच्या वेळेला आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ माणसं गेली, त्यांतल्या १२३ मुली आणि बायका. मालकांवर खटला झाला, ते सुटले. दोन वर्षांनी ब्लँकच्या दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दार कुलूपबंद सापडलं, तेव्हा त्याला २० डॉलर दंड झाला.

आगीनंतर आठवड्याभराने मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये शहरातल्या बड्या मंडळींची सभा भरली. तिथे साडेचार फुटांच्या आसपास उंचीची, टोप्या शिवून मोठी झालेली रोझ श्नायडरमन बोलली. वय २८. तुमच्याशी गोड बोलले तर जळून मेलेल्यांशी ती बेइमानी होईल, तुमची सहानुभूती आम्ही आजवर अनुभवलीय, आता कामगारांना वाचवतील ते कामगारच, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं. समोर बसले होते ते देणगीदार.

इथवर माझा कल क्लारा, पॉलिन आणि रोझकडे आहे हे लपलेलं नसेलच. पण लिलियनला नुसती दयाळू नर्स म्हणून बाजूला सारता येत नाही. आजारी मुलाला बरं करून घरी पाठवलं की ते पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत जातं, हे तिला नर्सिंगनेच शिकवलं. मग ती शाळांकडे वळली. १९०२मध्ये तिने एक नर्स महिन्याभरासाठी शाळांत नेऊन दाखवली. गैरहजेरी इतकी घटली की महापालिकेने स्वतःच नर्सेस नेमल्या. कामगार बायकांच्या संघटनांना मदत करणाऱ्या विमेन्स ट्रेड युनियन लीगमध्ये ती होती. मुलांच्या कल्याणासाठी सरकारकडे स्वतंत्र खातं असावं म्हणून तिने लावून धरलं, आणि १९१२मध्ये ते झालं. १९०९मध्ये काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांच्या ज्या परिषदेतून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना जन्मली, तिच्या पाहुण्यांचं स्वागत हेन्री स्ट्रीटवर झालं. दोन्ही रंगांची माणसं एकत्र जमू शकतील अशा जागा तेव्हा शहरात फार नव्हत्या.

आणि आगीनंतरचे कायदे? ते झाले तेव्हा दोन्ही वाटा लागल्या. चौकशी आयोगाने गावोगावचे कारखाने पाहिले, त्या पाहणीत पॉलिन न्यूमन होती. आग डोळ्यांनी पाहिलेली फ्रान्सिस पर्किन्स ही समाजसेविकाही होती. ती ज्यू नव्हती, पण पुढे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टची कामगारमंत्री झाली. काही वर्षांत तीन डझन कायदे आले. बाहेर उघडणारी दारं आणि पाण्याचे फवारे त्यांच्यातूनच आले.

याच सुमाराला आपल्याकडेही एक तरुण ज्यू बाई काम सुरू करत होती, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही. जेरुशा झिराड, बेने इस्रायल समाजातली. बहिणीचा जीव मुंबईच्या कामा हॉस्पिटलात वाचला, तेव्हा अकरा वर्षांच्या जेरुशाने डॉक्टर व्हायचं ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२मध्ये ती बाहेर पडली, पुढच्याच वर्षी तिने समाजातल्या बायकांसाठी स्त्री मंडळ काढलं आणि मग लंडनला उच्च शिक्षणासाठी गेली. १९२८ ते १९४७ ती त्याच कामा हॉस्पिटलची प्रमुख होती. तिची वाट लिलियनची.

लोअर ईस्ट साइडमधून पुढे मिसिसिपीकडे जाणारा एक रस्ताही निघतो. मायकेल श्वर्नर हा तरुण तिथल्याच हॅमिल्टन-मॅडिसन हाऊस या सेटलमेंटमध्ये काम करत होता. धर्म तो मानत नसे. जानेवारी १९६४मध्ये तो बायको रिटासह मिसिसिपीतल्या मेरिडियनला गेला, काळ्या मतदारांची नोंदणी आणि समाजकेंद्र चालवायला. २१ जूनला तो, २० वर्षांचा अँड्र्यू गुडमन आणि मेरिडियनचाच २१ वर्षांचा काळा कार्यकर्ता जेम्स चेनी, तिघांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीने पोलिसांच्या संगनमताने मारलं. ४४ दिवसांनी मातीच्या बांधाखाली प्रेतं सापडली. सारा देश हळहळत असताना रिटाने पत्रकारांना ऐकवलं की चेनी एकटाच बेपत्ता झाला असता तर तुम्ही इथे फिरकलाही नसता. शोध चालू असताना दोन काळ्या तरुणांची प्रेतंही मिळाली होती, त्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. हेन्री डी आणि चार्ल्स मूर.

दोन वर्षांनी काळ्या तरुणांच्या एसएनसीसी संघटनेने गोऱ्या कार्यकर्त्यांना सांगितलं की आता तुम्ही आपापल्या समाजात जाऊन काम करा. अनेक ज्यू तरुणांना ते लागलं. पण क्लाराने स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या मालकांविरुद्ध केलं होतं ते यापेक्षा वेगळं कुठे होतं?

आज अमेरिकेत ‘अवोदा’ नावाची संस्था ज्यू तरुणांना वर्षभर एका घरात एकत्र ठेवते आणि गरिबीशी झगडणाऱ्या संस्थांत कामाला लावते. अवोदा म्हणजे काम, सेवा आणि उपासनाही. १९९८ला सुरुवात झाली तीही न्यूयॉर्कमध्येच. पदवी घेतलेल्या मुलांनी वस्तीच्या कामासाठी एका छपराखाली राहायचं, ही वाट लिलियनचीच म्हणायची.

क्लाराला संपानंतर मालकांनी काळ्या यादीत टाकलं. लग्न झालं, तीन मुलं झाली, तशी ती ब्रुकलिनमधल्या गृहिणींना घेऊन महाग मटणावर बहिष्कार घालू लागली, घरभाड्यासाठी भांडू लागली. म्हातारपणी ती लॉस एंजेलिसच्या ज्यू वृद्धाश्रमात राहायला गेली. शेतमजुरांच्या संघटनेने द्राक्षांवर बहिष्कार पुकारला होता, तर या आजीने व्यवस्थापनाला गाठून आश्रमात द्राक्षं आणणं बंद करवलं. मग तिच्या लक्षात आलं की तिची उठबस करणाऱ्या कर्मचाऱ्यांना युनियन नाही. त्यांना एकत्र आणायलाही तिने मदत केली. १९८२मध्ये, ९६व्या वर्षी ती वारली.