महाराष्ट्रातील राजकीय नेत्यांची ग्रामीण समाधिस्थळे : एक आकलन

प्रस्तावना :
दफनाची प्रथा असलेल्या समाजात कबर ही अंत्यविधीबरोबरच अस्तित्वात येते. माजी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्यावर २०१४ मध्ये रायगड जिल्ह्यातील आंबेत या मूळ गावी दफनविधी झाला. दहनसंस्कारात मात्र अस्थिविसर्जनानंतर भूमीवर काहीच उरत नाही. म्हणून दहन झालेल्या नेत्याची समाधी हे नंतर घेतलेल्या निर्णयाचे फलित असते. हा निर्णय कोणत्या आधारावर होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेचा विस्तार :
‘समाधी’ हा मूळ योगशास्त्रातील शब्द. ज्ञानेश्वरांच्या आळंदीमुळे तो मराठी मनात संतांच्या चिरविश्रांतीशी जोडला गेला. विसाव्या शतकात तो राजकीय नेत्यांच्या दहनस्थळी उभारलेल्या वास्तूंनाही लावला जाऊ लागला. शब्दाबरोबर पुण्यतिथी, दर्शन व मेळावा हे आचारही आले.

स्थळाची निवड :
यशवंतराव चव्हाण यांचे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथील. समाधी मात्र कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे. येथे जन्मभूमीपेक्षा कर्मभूमी श्रेष्ठ ठरली. विलासराव देशमुख यांचे २०१२ मध्ये चेन्नईत निधन झाले आणि अंत्यसंस्कार लातूरजवळील बाभळगावी झाले. याच गावाच्या सरपंचपदापासून त्यांचा राजकीय प्रवास सुरू झाला होता. गोपीनाथ मुंडे यांचे २०१४ मध्ये दिल्लीत अपघाती निधन झाले. त्यांचे स्मारक परळीजवळ, त्यांनीच उभारलेल्या वैद्यनाथ साखर कारखान्याच्या परिसरात आहे. ‘गोपीनाथगड’ या नावातील ‘गड’ भगवानगडाच्या भक्तिपरंपरेची आठवण करून देतो.

नागपूरचे उदाहरण :
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत दादर येथे अंत्यसंस्कार झाले. तेथे आज चैत्यभूमी आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांचे दहन झाले नाही. तरीही तेथील स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. धातू विभागून अनेक ठिकाणी स्तूप उभारण्याची बौद्ध परंपरा येथे दिसते. त्यामुळे ‘एक नेता, एक समाधी’ हे गृहीतक सर्वत्र लागू पडत नाही.

निष्कर्ष :
समाधीच्या भव्यतेवरून नेत्याचे कर्तृत्व मोजणे योग्य ठरणार नाही. वास्तू टिकते ती तिच्यामागे उभ्या असलेल्या कुटुंबामुळे, संस्थेमुळे वा समाजामुळे. चव्हाणांना अपत्य नव्हते. तरीही दरवर्षी २५ नोव्हेंबरला विविध पक्षांचे नेते प्रीतिसंगमावर येतात. उलट, ज्यांच्यामागे असा आधार उरला नाही, त्यांच्या स्मृतीची खूण गावातूनही पुसली जाण्याचा संभव असतो. इतिहास व राज्यशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या तालुक्यातील अशा स्थळांची नोंद करून घ्यावी. जागा कोणाची, बांधकाम केव्हाचे, देखभाल कोण करते, पुण्यतिथीस कोण येते, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून स्थानिक सत्तेचा इतिहास उलगडू शकतो.