आधी गेन, मग मास्टर

1964 साली लंडनमध्ये ‘द किंक्स’ या बँडचा तरुण गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. त्याला गिटारचा आवाज फाटका, खरखरीत हवा होता आणि तसा आवाज देणारं बटण त्या अ‍ॅम्पवर नव्हतं. ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणं त्याच चिरलेल्या स्पीकरने गाजवलं.

आज नवा अ‍ॅम्प घरी आणणाऱ्याला ब्लेड लागत नाही, कारण त्या खरखरीसाठी आता गेनचं बटण असतं. मात्र शेजारीच मास्टर किंवा व्हॉल्यूम असतो आणि दोन्हींनी आवाज वाढतो, त्यामुळे नवशिका गोंधळतो. गिटारमधून येणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो. प्रीअ‍ॅम्प त्याला आधी बळ देतो. ते किती द्यायचं, हे गेन ठरवतो. मर्यादेपलीकडे गेलं की लहरींचे माथे छाटले जातात, त्यातून नवे स्वरांश निर्माण होतात आणि डिस्टॉर्शन मिळतं. त्यातलं पुढे पॉवर अ‍ॅम्पकडे किती सोडायचं, हे मास्टरच्या हाती. म्हणून स्वच्छ आवाजासाठी गेन कमी आणि मास्टर जास्त. खरखर हवी पण शेजारी जागे व्हायला नकोत, तर उलट.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात 1962 च्या सुमारास तयार झालेल्या अ‍ॅम्पवर मास्टर नव्हता. डिस्टॉर्शन हवं असेल, तर अख्खा अ‍ॅम्प कानठळ्या बसतील इतका चढवावा लागे. मास्टर व्हॉल्यूम असलेली मार्शलची मॉडेलं 1975 मध्ये आली.

बास, मिडल आणि ट्रेबल ही तीन बटणं एकत्र कुटुंबासारखी आहेत. फेंडर आणि मार्शलच्या जुन्या रचनेत ती एकाच मंडलात जोडलेली असतात. ट्रेबल फिरवला की मिडल आणि बासच्या कामातही फरक पडतो. हे मंडल आवाजात काही भर घालत नाही, फक्त कापतं. त्यामुळे बटण दहावर असणं म्हणजे ‘जादा’ नव्हे, ‘कमीत कमी कापलेलं’.

खरी फसगत मिडलपाशी होते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार कमी ऐकू येतात. म्हणून घरी वाजवताना बास-ट्रेबल चढवून मिडल उतरवला की छान वाटतं. तीच मांडणी बँडमध्ये नेली, तर खर्जात बास गिटार आणि वर ड्रमच्या झांजा बसलेल्या असतात; मधली जागा रिकामी केलेली गिटार गर्दीत हरवते.

प्रेझेन्स हा ट्रेबलचा जुळा भाऊ वाटला, तरी मार्शलसारख्या अ‍ॅम्पमध्ये तो पॉवर अ‍ॅम्पच्या टप्प्यावर काम करतो आणि आवाजाला धार देतो. रीव्हर्बने मोठ्या दालनातला घुमारा येतो. अनेक अ‍ॅम्पमध्ये त्यासाठी खरोखरच्या स्प्रिंग असतात. अ‍ॅम्प हलवला, तर आतून गडगडाट ऐकू येतो.

ओळख करून घेताना टोनची तिन्ही बटणं मधोमध, गेन कमी आणि रीव्हर्ब बंद ठेवावा. मग मास्टर ऐकू येईल इतपत उघडून एकच स्वरमेळ पुन्हा पुन्हा वाजवत एका वेळी एकच बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवावं. आवडलेली जागा सापडली, की मोबाइलवर पॅनेलचा फोटो काढून ठेवावा.